लाकडी जहाजांची मॉडेल्स बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल बांधायचं मनात आलं की नजर आधी डोलकाठ्या, दोर आणि तोफांकडे जाते. पण मॉडेल चांगलं उतरणार की नाही, हे त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं: नकाशाच्या वाचनात, सांगाड्यात, पहिल्या पट्टीखालच्या घासकामात. म्हणजे पुढे झाकून जाणाऱ्या गोष्टींत. म्हणून खालच्या उत्तरांत या कामांना जास्त जागा दिली आहे.

सुतारकामाचा काहीच अनुभव नाही. जमेल का?

जमेल. इथे हत्यारं लहान, तुकडे लहान, आणि ताकद जवळजवळ लागतच नाही. तीन सवयी मात्र लावून घ्याव्या लागतात. पेन्सिलीच्या रेषेवर न कापता रेषेच्या बाहेरून कापायचं आणि मग घासत रेषेपर्यंत यायचं. गोंद लावण्याआधी तुकडा नुसताच जागेवर बसवून बघायचा. आणि गोंद वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तिसरी सवय सगळ्यात अवघड जाते.

पहिलं मॉडेल कोणतं घ्यावं?

छोटी, उघडी होडी. मोठ्या जहाजांच्या सोबत असायची तशी लाँगबोट, साधी डोरी (सपाट तळाची छोटी होडी) किंवा एका डोलकाठीची होडी.

बहुतेक जण खोक्यावरचं चित्र बघून तीन डोलकाठ्यांचं युद्धजहाज निवडतात. 'एचएमएस व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धजहाजावर १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत १०४ तोफा होत्या. दोन तोफा बसवण्यात मजा आहे. दहाव्या तोफेला हात बसलेला असतो. पन्नासाव्या तोफगाड्याची चाकं लावताना मात्र खोकं माळ्यावर जातं आणि तिथेच राहतं. होडीत कामाची पुनरावृत्ती कमी असते, पण शिकण्यासारखं काही सुटत नाही. फळ्या निमुळत्या करणं, नाळेशी (पुढच्या टोकाशी) वळवणं, आतल्या फासळ्या नीट बसवणं हे सगळं तिच्यात आहे. वर ती उघडी असल्याने आतली बाजूही दिसते, त्यामुळे झाकपाक करता येत नाही.

होडीनंतर एका डोलकाठीचा कटर, मग दोन डोलकाठ्यांची स्कूनर किंवा ब्रिग, आणि मग तीन डोलकाठ्यांचं युद्धजहाज फ्रिगेट, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो. पण होडी ही केवळ सरावाची वस्तू समजू नका. नीट बांधलेली लाँगबोट कुठल्याही तीन-डोलकाठी जहाजाशेजारी मान वर करून उभी राहते.

मॉडेल बांधण्याच्या पद्धती कोणकोणत्या?

भरीव पद्धतीत लाकडाचा एकच ठोकळा कोरून, किंवा आडव्या फळ्या एकावर एक चिकटवून आणि घासून, जहाजाचा बाह्य आकार काढतात. आकार समजून घ्यायला ही पद्धत उत्तम आहे.

दुसरी, आणि बहुतेक किट्समध्ये असते ती, बल्कहेडची पद्धत. मधोमध कीलसकट (कील म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा) एक उभी प्लायवूडची पाटी, तिच्या खाचांत आडवे बसणारे, जहाजाच्या छेदाच्या आकाराचे पाटे म्हणजे बल्कहेड, आणि त्यांच्यावरून पट्ट्या. खऱ्या जहाजाचा सांगाडा असा नसतो. पण बाहेरून सगळं झाकलं जाणार असल्याने चालतं.

तिसऱ्या पद्धतीत खऱ्या जहाजासारख्या फासळ्या, तुकड्यातुकड्यांनी जोडून, कीलवर उभ्या करतात. तिची परंपरा सतराव्या शतकातल्या इंग्लंडपर्यंत मागे जाते. नौदलाच्या जहाजांची तेव्हा तयार झालेली मॉडेल्स बरीचशी १:४८ या प्रमाणात आहेत, आणि त्यांत खालच्या भागावर मुद्दाम फळ्या लावलेल्या नाहीत, जेणेकरून सांगाडा दिसावा. लंडनमधल्या ग्रीनिचचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय आणि अमेरिकेत ॲनापोलिसचं नौदल अकादमीचं संग्रहालय यांच्याकडे अशा मॉडेल्सचे मोठे संग्रह आहेत. त्यांची छायाचित्रं मिळतील तेवढी बघा. तीनशे वर्षांपूर्वीची ती कारागिरी बघून आपण नेमकं काय करू पाहतो आहोत ते कळतं.

स्केल म्हणजे काय आणि कोणती निवडावी?

१:६४ म्हणजे खऱ्या जहाजावरचे ६४ मि.मी. मॉडेलवर १ मि.मी. होतात. १:४८, १:९६ असे आकडे वारंवार दिसतात ते फूट-इंचांमुळे: एक फुटाला पाव इंच धरला की १:४८, अष्टमांश इंच धरला की १:९६.

निवडताना दोन गोष्टी बघा, जागा आणि बोटं. व्हिक्टरीच्या तोफांच्या डेकची लांबी १८६ फूट. १:४८ ला नुसती तेवढीच लांबी ११८ सें.मी. होते आणि नाळेच्या पुढे झुकलेली काठी, म्हणजे बोस्प्रिट, धरली की त्याहून बरीच जास्त. १:९६ ला तीच लांबी ५९ सें.मी. वर येते. म्हणजे कपाटात मावेल, पण मग दोर आणि कप्प्या इतक्या बारीक होतात की भिंगाशिवाय काम होत नाही. उलट २४ फुटी होडी १:२४ ला जेमतेम ३० सें.मी. होते आणि तिच्यावरची प्रत्येक वस्तू बोटांत नीट धरता येते. नवख्याने लहान जहाज मोठ्या स्केलमध्ये करावं, असं मी म्हणतो ते याचसाठी.

एक उपयोगी युक्ती: पुठ्ठ्याचा एक माणूस कापून ठेवा. साडेपाच फुटांचा माणूस १:६४ ला साधारण २६ मि.मी. उंच होतो. दरवाजा, कठडा, जिना, सुकाणूचं चाक, जे बनवाल त्याच्याशेजारी त्याला उभा करा. कठडा त्याच्या डोक्यापर्यंत आला तर कुठेतरी चुकलं आहे, हे मोजपट्टीआधी डोळ्यांना कळतं.

किट घ्यावं की नकाशावरून सगळं स्वतः करावं?

पहिल्यांदा किटच. मॉडेल शिपवेज, आमाती, ऑक्रे, आर्तेसानिया लातिना, कॅल्डरक्राफ्ट, बिलिंग बोट्स ही या क्षेत्रातली परिचित नावं. घेण्याआधी खोक्यावरचं चित्र सोडून माहितीपुस्तिका आणि नकाशे बघा. बऱ्याच कंपन्या त्या आधी बघायला देतात. पुस्तिका पट्ट्या कशा निमुळत्या करायच्या ते टप्प्याटप्प्याने दाखवते, की 'आता पट्ट्या लावा' एवढंच सांगून पुढच्या पानावर जाते, यावरून किटची पारख होते.

किट तंतोतंत किटप्रमाणेच करायला हवं असं नाही. कप्प्या बदला, दोर बदला, डेकच्या फळ्या स्वतः कापा. असं करत करत एक दिवस किटमधलं फार थोडं वापरलं जातं आणि माणूस आपोआप नकाशावरून बांधू लागतो.

नावाजलेल्या किटची चोरून केलेली स्वस्त नक्कलही विकायला असते. ती घेऊ नका. ज्याने वर्ष-दोन वर्षं खपून नकाशे काढले त्याच्या कष्टांवर तो दरोडा आहे.

जहाजाचा नकाशा वाचायचा कसा?

तीन चित्रं असतात. एकात जहाज बाजूने दिसतं, दुसऱ्यात वरून (बहुधा अर्धंच, कारण दुसरा अर्धा भाग तसाच असतो), आणि तिसऱ्यात समोरून व मागून, मधल्या उभ्या रेषेच्या उजवीकडे पुढच्या भागाचे आणि डावीकडे मागच्या भागाचे छेद एकात एक काढलेले. एकच बिंदू तिन्ही चित्रांत शोधायचा सराव करा. बाजूच्या चित्रात पाण्याच्या पातळीवरचा एखादा बिंदू घ्या, तो वरच्या चित्रात मध्यरेषेपासून किती लांब आहे ते मोजा, मग छेदाच्या चित्रात तेच अंतर मिळतंय का बघा. हे जमलं की कागदावरचा आकार मनात घट्ट उभा राहतो आणि पुढे फासळी चुकीची कापली गेली तर ती लगेच डोळ्याला खुपते.

छापील प्रत वापरत असाल तर नकाशावरची मोजपट्टी आधी खऱ्या पट्टीने तपासा, लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांनी. छपाईयंत्र एका दिशेने किंचित ताणतं. एक टक्का ताण म्हणजे मीटरभर लांबीत पूर्ण एक सेंटीमीटर.

हत्यारं कोणती लागतात?

सुरुवातीला फार थोडी: बदलत्या पात्यांची धारदार सुरी, बारीक दातांची करवत, छोट्या कानशींचा संच, एक लहान रंधा, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, दोन-तीन चिमटे, पोलादी पट्टी, छोटा गुण्या, भरपूर क्लिपा आणि वेगवेगळ्या जाडीचे पॉलिश पेपर. पॉलिश पेपर हातात धरून घासू नका. तो सपाट लाकडी पट्टीवर चिकटवा.

विजेवर चालणारं काहीही पहिल्या मॉडेलला लागत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर ते चांगल्या प्रकाशावर आणि डोक्यावर बांधायच्या भिंगावर करा. आणि पाती वेळेवर बदला. बोथट पातं जोर मागतं, आणि जोर लावला की ते घसरून बोटात जातं.

लाकूड कोणतं चांगलं?

ज्याच्या रेषा बारीक आणि छिद्रं दिसेनाशी असतील ते. कारण लाकडाच्या रेषा मॉडेलबरोबर लहान होत नाहीत. खऱ्या जहाजावर ओक वापरलं म्हणून मॉडेलवरही ओक लावलं, तर त्याची छिद्रं त्या प्रमाणात फळीला भोकं पडल्यासारखी दिसतात. म्हणूनच बॉक्सवूड, पेअर आणि डेकसाठी पांढरंशुभ्र हॉली या लाकडांना मॉडेलकारांमध्ये इतका मान आहे. किटमध्ये आतल्या थराला बासवूड किंवा लाइम आणि बाहेरच्या थराला अक्रोड असतं. अक्रोडाचा रंग देखणा, पण त्याची छिद्रं उघडी आणि धार लवकर तुटते. बाल्सा फार मऊ असतं, त्याच्यावर नखही उमटतं. ते पुढच्या-मागच्या भरावाला ठीक, बाकी कशाला नाही.

सांगाडा उभा करताना काय सांभाळायचं?

याच उत्तरावर बाकीचं मॉडेल उभं आहे.

मधली प्लायवूडची पाटी आधी काचेवर किंवा ग्रॅनाइटवर आडवी ठेवून बघा. एखादं टोक उचललेलं दिसलं तर ती ओलसर करून वजनाखाली ठेवा आणि पूर्ण सुकू द्या. वाकडी पाटी घेऊन पुढे गेलात तर जहाज केळीच्या आकाराचं होतं आणि नंतर कुठल्याच उपायाने सरळ होत नाही. पट्ट्या लागण्याआधीच, नाळेपासून मागच्या खांबापर्यंत कीलच्या वरच्या बाजूला पट्ट्यांची टोकं बसण्यासाठी खोबण करून घ्या. सांगाडा भरल्यावर ती करणं महाकठीण.

बल्कहेड एकेक करून बसवा आणि प्रत्येकाला गुण्या लावा, बाजूनेही आणि वरूनही. सगळे बसले की मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरून नाळेकडून बघा. दोन्ही बाजू सारख्या फुगताहेत का? एखादा बल्कहेड बाहेर आलेला दिसतो का?

मग फेअरिंग. बल्कहेडच्या कडा कारखान्यातून काटकोनात कापलेल्या येतात, पण पट्टी नाळेकडे आणि मागे तिरकी वळते. त्यामुळे प्रत्येक कडा त्या वळणाप्रमाणे तिरकी घासावी लागते, म्हणजे पट्टी कडेच्या पूर्ण जाडीवर टेकते, नुसत्या कोपऱ्यावर नाही. घासायची पट्टी एवढी लांब घ्या की ती एका वेळी किमान तीन बल्कहेडवर टेकेल, नाहीतर प्रत्येकावर वेगळा खड्डा पडतो. पेन्सिलीने ज्या कडेवरून नकाशातली खरी रेषा जाते ती कडा रंगवून ठेवा आणि ती शेवटपर्यंत शाबूत ठेवा. दर थोड्या वेळाने एक सुटी पट्टी सांगाड्यावर वेगवेगळ्या उंचीवर टेकवून बघा. ती कुठे अधांतरी राहते, कुठे कुबड काढते, ते दिसतं. पोकळी असेल तिथे लाकडाची पातळ कपची चिकटवून पुन्हा घासा.

नाळेच्या गोलाईशी पहिल्या दोन बल्कहेडमध्ये मऊ लाकडाचे ठोकळे भरून त्यांनाही आकार द्या. किटमध्ये दिले नसतील तरी द्या. तिथे पट्टी सर्वांत जास्त वळते आणि तिला आधार सर्वांत कमी असतो.

या कामाला एक-दोन आठवडे संध्याकाळी बसावं लागतं आणि एवढं करून दाखवण्यासारखं हाती काही लागत नाही. तरीही घाई करू नका. वरच्या थरातल्या जवळजवळ प्रत्येक खड्ड्याचं मूळ इथे असतं.

पट्ट्या नाळेजवळ गर्दी करतात आणि एकमेकींवर चढतात. काय चुकतंय?

बहुधा पट्ट्या निमुळत्या केलेल्या नाहीत. जहाज मध्यभागी फुगलेलं असतं. काठापासून कीलपर्यंतचा घेर तिथे सर्वांत मोठा, नाळेशी बराच लहान. पट्ट्यांची संख्या मात्र दोन्हीकडे तीच. तेव्हा मध्याशी पूर्ण रुंदीची असलेली पट्टी नाळेशी अरुंद व्हायलाच हवी. मागच्या बाजूला काही जहाजांत उलटं होतं, घेर वाढतो आणि फटी पडतात.

उपाय मोजमापाचा आहे. मध्यावरच्या बल्कहेडवर काठापासून कीलपर्यंत कागदाची चिंधी लपेटून घेर घ्या, पट्टीच्या रुंदीने भागा, पट्ट्यांची संख्या मिळाली. मग प्रत्येक बल्कहेडवर तशीच चिंधी लपेटून तिचे तेवढेच समान भाग करा आणि त्या खुणा बल्कहेडच्या कडेवर उतरवा. प्रत्येक पट्टी कुठे किती रुंद हवी, हे आता लिहूनच ठेवलेलं आहे. तेवढी ती रंध्याने उतरवायची. मोठ्या जहाजात एवढ्यावर न थांबता बारीक पट्ट्या तात्पुरत्या टाचून बाजूचे तीन-चार पट्टे पाडून घ्या आणि त्यांच्या वळणाला डोळ्यांनी पसंती द्या. ते वळण सुंदर दिसलं तर त्यामधल्या फळ्याही सुंदर दिसतात.

रुंदी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. खऱ्या जहाजावरही टोकाला फार चिंचोळी फळी ठेवत नसत, कारण तिला खुंटी धरत नाही. तशी वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या टोकांना खाच पाडून पुढे एकच पट्टी न्यायची. मागे फटी पडत असतील तिथे उलट, एक जास्तीची पाचर-पट्टी घालायची. दोन्ही खऱ्या जहाजबांधणीतल्याच रीती आहेत, त्यामुळे त्या लपवायचं कारण नाही.

सुरुवात बाजूच्या जाड फळ्यांच्या पट्ट्याशी, म्हणजे वेलपाशी करा आणि त्याची रेषा दोन्ही बाजूंना नीट जुळवा. मग खाली कीललगतची गारबोर्ड फळी लावा. ही फळी नाळेवर फार वर चढू देण्याचा मोह आवरा, कारण नंतरच्या सगळ्या पट्ट्या तिच्यामुळे वर ढकलल्या जातात. एक पट्टी डावीकडे लावली की तीच उजवीकडे लावा. एकच बाजू भरत गेलात तर ओढीने सांगाडाच पिळला जातो.

आणखी एक: पट्टी तिच्या सपाट बाजूवर वळते, कडेवर वळत नाही. जबरदस्तीने कडेवर वळवली की तिची दुसरी कड उचलली जाते. जिथे तसं वळण हवंच, तिथे रुंद पातळ फळीतून तो वाकडा आकारच कापून काढा.

पट्टी वाकवताना तुटते. भिजवायची किती?

पातळ बासवूडला पंधरा-वीस मिनिटं पाणी पुष्कळ झालं. लाकूड वळवते ती मुख्यतः उष्णता, पाणी तिला आत पोचवतं. भिजवून गरम हवेने किंवा तापत्या गोल लोखंडी टोकावर हळूहळू वळवा, मग जागेवर क्लिपांनी अडकवून पूर्ण सुकू द्या आणि त्यानंतरच गोंद लावा. ओली पट्टी फुगलेली असते. तशीच चिकटवली की सुकताना रुंदीत आकसते आणि सकाळी प्रत्येक जोडात बारीक फट दिसते.

पट्ट्यांचे दोन थर कशाला?

पहिला थर जाड, मऊ लाकडाचा, घासून भरून आकार पक्का करण्यासाठी. दुसरा अर्धा-एक मिलीमीटरचा, दिसण्यासाठी. नवख्याला ही मोठी मुभा आहे, कारण पहिल्या थरातले दोष लांबी (पुट्टी) भरून घासता येतात. पण खड्डा राहिला तर पातळ थर तोच खड्डा तंतोतंत वर दाखवतो.

डेकच्या फळ्या कशा लावायच्या?

नाळेपासून टोकापर्यंत एकच लांब पट्टी टाकू नका. खरी फळी साधारण २० ते २४ फुटांची धरली, तर १:६४ ला ती ९५ ते ११५ मि.मी. होते. शेजारच्या फळ्यांचे जोड एका ओळीत येऊ नयेत. तीन किंवा चार फळ्या सोडून जोड पुन्हा त्याच तुळईवर यावा. फटींतल्या डांबराची काळी रेघ दाखवायला फळीच्या एका कडेवर मऊ पेन्सिल फिरवली तरी पुरे होते. काळं शाईचं पेन टाळा, शाई लाकडाच्या रेषांतून पसरते.

खिळे दिसू द्यावेत का?

किटमधल्या पितळी खिळ्याचं डोकं १ मि.मी. असलं तर १:६४ ला ते खऱ्या जहाजावर ६४ मि.मी., म्हणजे अडीच इंचांचं होतं. तसे खिळे कुठल्याच जहाजावर नव्हते. ते तात्पुरते ठोकून, गोंद वाळल्यावर काढून टाका. खऱ्या फळ्या मुख्यतः लाकडी खुंट्यांनी धरलेल्या असत. त्या दाखवायच्या असतील तर बारीक भोकात फळीच्याच रंगाची लाकडी काडी बसवा. लांबून त्या जेमतेम जाणवाव्यात. गडद ठिपके दिसले की जहाजाला गोवर आल्यासारखं वाटतं.

गोंद कोणता? आणि चुकीचा तुकडा चिकटला तर?

लाकडाला लाकूड जोडायला पांढरा किंवा पिवळा पीव्हीए गोंद. तो जुळवायला वेळ देतो, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने लावत राहिलं की थोड्या वेळाने सांधा सुटतो. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट धातूच्या बारीक वस्तूंना किंवा पट्टीचं टोक क्षणभर धरून ठेवायला बरा. पण तो लाकडात शिरला की तिथे पॉलिश धरत नाही आणि डाग कायमचा राहतो. त्याला ॲसिटोन सोडवतं. धातू आणि लाकूड यांच्या जोडाला इपॉक्सी.

तळाला तांब्याचे पत्रे लावावेत का?

जहाजाचा काळ बघून. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या फ्रिगेटवर तांब्याचा प्रयोग केला आणि १७८० च्या आसपास सगळ्या ताफ्याला तांबं चढवलं. त्याआधीच्या जहाजाला तांबं लावलं तर ते चूक ठरतं. पत्रा साधारण ४ फूट बाय १४ इंचांचा असे, म्हणजे १:६४ ला सुमारे १९ बाय ५.६ मि.मी. हातमोजे घालून लावा. बोटांचे ठसे महिन्याभराने काळे उमटतात.

रंग द्यावा की लाकूड तसंच ठेवावं?

दोन्ही परंपरा आहेत, दोन्ही मला प्रिय आहेत. लाकडाचेच निरनिराळे रंग वापरून केलेलं मॉडेल बांधणी दाखवतं, रंगवलेलं मॉडेल जहाजाचं समुद्रातलं रूप दाखवतं. रंग द्यायचाच असेल तर पातळ करून अनेक हात द्या आणि चकचकीत रंग टाळा.

खरा रंग कोणता हा प्रश्न मात्र भल्याभल्यांना चकवतो. स्वीडनचं 'वासा' १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं गेलं. बरीच वर्षं त्याच्या शिल्पांमागची पार्श्वभूमी निळी मानली जात होती, किट्सही तशीच निघाली. पुढे रंगाचे सूक्ष्म अवशेष तपासल्यावर ती लाल असल्याचं दिसलं. व्हिक्टरीचे पिवळे पट्टेही २०१५ मध्ये, रंगाच्या जुन्या थरांच्या अभ्यासानंतर, फिकट गुलाबीसर छटेत रंगवले गेले. खरं जहाज हातात असूनही हे घडतं. कोलंबसच्या 'सान्ता मारिया'चा तर त्या काळातला एकही नकाशा उपलब्ध नाही, तिचं प्रत्येक मॉडेल हा अंदाजच आहे. अशा जहाजाचं मॉडेल जरूर करा, फक्त पाटीवर तसं लिहा.

अचूकतेची ओढ असेल तर जी जहाजं आजही उभी आहेत त्यांपैकी एक निवडा: स्टॉकहोमचं वासा, पोर्ट्समथचं व्हिक्टरी, बोस्टनचं कॉन्स्टिट्यूशन, ग्रीनिचचं कटी सार्क, किंवा मुंबईत सागवानात बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेलं, आता इंग्लंडमधल्या हार्टलपूलला असलेलं ट्रिंकोमाली.

रिगिंगची भीती वाटते. एवढे दोर कसे लक्षात ठेवायचे?

लक्षात ठेवायचे नाहीत, समजून घ्यायचे. दोरांच्या दोनच जाती आहेत. काही दोर डोलकाठ्यांना उभं धरतात. ते हलत नाहीत, डांबरामुळे गडद असतात. बाकीचे यार्ड (शिडं ज्यांना बांधतात त्या आडव्या काठ्या) आणि शिडं ओढतात, सोडतात, फिरवतात. ते फिकट असतात. हातात घेतलेला दोर काय ओढतो आणि कोण कुठे उभं राहून तो ओढणार, हे विचारलं की त्याचा मार्ग आपोआप सापडतो. डेकवरच्या खलाशाला ज्या दोरासाठी तोफेवर चढावं लागेल, तो चुकीच्या खुंटीला बांधला आहे.

यार्ड वर चढवण्याआधी त्यांच्यावरच्या सगळ्या कप्प्या बांधून घ्या. हातात घेऊन जे काम पाच मिनिटांचं असतं तेच वर चढल्यावर तासाचं होतं. आतून बाहेर, खालून वर, मध्यापासून कडेकडे जा, म्हणजे आधीच्या दोरांत बोटं अडकत नाहीत. डोलकाठीला बाजूंनी धरणारे दोर, म्हणजे श्राउड, जोडीजोडीने जातात: आधी उजवीकडची सर्वांत पुढची जोडी, मग डावीकडची, असं आळीपाळीने. ताण एवढाच द्या की दोर सरळ दिसावा. एका बाजूने जास्त ओढलं तर डोलकाठी वाकते आणि आधीचे सगळे दोर सैल पडतात.

शिडीसारख्या आडव्या रॅटलाइन साधारण १३ ते १५ इंचांवर असत, १:६४ ला ५ ते ६ मि.मी. आखलेला पांढरा पुठ्ठा श्राउडच्या मागे लावा आणि त्या रेघांवर क्लोव्ह हिच गाठी मारत जा. दर गाठीला दोरा किंचित जास्त ओढला जातो आणि श्राउड मध्याशी आत खेचले जाऊन डमरूचा आकार येतो. दर चार-पाच ओळींनी लांबून बघा.

आता एक असा सापळा, ज्यात फार जण सापडतात. जुन्या कोष्टकांत दोराचं माप त्याच्या परिघाचं असतं, व्यासाचं नाही. 'सहा इंची दोर' म्हणजे परीघ सहा इंच, व्यास १.९ इंच. १:६४ ला तो ०.७६ मि.मी. होतो. व्यास सहा इंच समजून चाललात तर दोर तिपटीहून जाड होतो आणि सारं जहाज ओबडधोबड दिसतं.

किटमधला दोरा केसाळ असेल तर टाकून द्या. चांगला दोरा घेऊन त्याला मेण लावा, किंवा तीन पेड पिळून स्वतःचा दोर वळा. त्यासाठीचं साधं यंत्र घरी बनवता येतं, आणि हवी ती जाडी मिळते. रिगिंगमध्ये मला सर्वांत आनंद याच कामात मिळतो.

शिडं लावायची का?

०.२ मि.मी. जाडीचं कापड १:६४ ला जवळजवळ १३ मि.मी. जाड ठरतं. एवढं जाड शीड कुठे नसतं. म्हणून अनेक जण ती लावतच नाहीत. हवीच असतील तर चिवट पातळ कागदाची करा आणि यार्डला गुंडाळून बांधा.

धुळीचा त्रास होतो का?

होतो. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे आणि एबनीसारख्या काही लाकडांची धूळ त्वचेला व श्वासाला लगेच झोंबते. घासताना चांगला मुखपट्टा लावाच, आणि सायनोॲक्रिलेट वापरताना खिडकी उघडी ठेवा. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेली फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून बाहेर वाळवा.

पेटी कशी असावी?

असावीच, आणि मॉडेल संपण्याआधी तिची मापं ठरवावीत. धूळ दोरांवर बसली की ती काढणं बांधण्याइतकंच कठीण. पेटी उन्हापासून दूर ठेवा. पेटीचा तळ ओकचा करू नका. ओकमधून ॲसिटिक ॲसिडची वाफ सुटते, ती बंद पेटीत साठते आणि शिशाचे नांगर, तोफा, मूर्ती यांना खाऊन त्यांची पांढरी भुकटी करते. पेटीला हवा खेळायला बारीक फटी ठेवा, आणि शिशाच्या वस्तूंऐवजी शिसं नसलेल्या प्यूटरच्या (कथलाच्या मिश्रधातूच्या) किंवा पितळी वस्तू वापरा.

घरात जुनं, मोडलेलं मॉडेल आहे. दुरुस्त करू का?

आधी सगळ्या बाजूंनी छायाचित्रं काढा आणि खाली पडलेला प्रत्येक तुकडा, दोराचा तुकडासुद्धा, पाकिटात घालून कुठला ते लिहून ठेवा. मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाडा आणि ती जवळ धरलेल्या व्हॅक्यूमने, तोंडाला जाळी बांधून, ओढून घ्या. चिकट मळ असेल तर किंचित ओलसर कापसाच्या बोळ्याने एका कोपऱ्यात करून बघा आणि रंग सुटतो का ते तपासा. धातूच्या वस्तूंवर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकू नका, ती शिशाची आहे आणि विषारी आहे.

नवं वार्निश चढवू नका. जुना दोर तुटला असला तरी तो काढून नवा लावायची घाई नको. जुन्या दोराची जाडी, पीळ आणि गाठी यांत बांधणाऱ्याची माहिती असते. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये कैदेत पडलेल्या फ्रेंचांनी जेवणातल्या हाडांपासून जहाजं बनवली होती, आणि अशी मॉडेल्स आजही घरांतून निघतात. आपल्या हातात असं काही आहे अशी शंका जरी आली, तरी गोंदाची बाटली न उघडता ते संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. साधं, गेल्या पिढीतल्या कुणी किटवरून बांधलेलं मॉडेल असेल तर मात्र बिनधास्त हात घाला. सुटलेले सांधे पीव्हीएने जोडा, डोलकाठ्या सरळ करा, आणि दोर बदलताना एका वेळी एकच काढून त्याच मार्गाने नवा ओवा.